तुटलेल्या स्प्रिंगची मय्यत

मुकुंदराव गेल्याचं केतकीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी नारायणगुड्याच्या बाजारात कोथिंबीर निवडत होते. केतकी म्हणजे त्यांची मुलगी. "ताई, बाबा गेले... सकाळी फिरून येताना जिन्यात बसले, ते उठलेच नाहीत. एकाएकी झालं हो सगळं," ती म्हणाली. मी तिला धीर दिला खरा, पण मनात पहिल्यांदा जे आलं ते धीराचं नव्हतं. हे असं एकाएकी होत नाही, एवढंच मनात आलं. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर एकाएकी या शब्दावरचा विश्वास उडून जातो. कोथिंबिरीची जुडी हातात तशीच घेऊन मी घरी आले.

आमची कंपनी लिफ्ट बनवते, बसवते आणि सांभाळते. सांभाळण्याचं खातं मुकुंदरावांकडे होतं. मलकपेठेतलं जुनं मराठी घराणं, आजोबा-वडील सरकारी नोकरीतले, आणि हे एकटेच हाताला ग्रीस लावून घेणारे. मी नवीन रुजू झाले तेव्हा पहिल्याच शनिवारी कुणीतरी म्हणालं, "चला मॅडम, आज ब्रेकची मय्यत आहे." ब्रेकची कसली अंत्ययात्रा, मला वाटलं, थट्टा चाललीय. आत गेले तर मोठ्या टेबलावर काहीतरी ठेवलेलं, वर पांढरं कापड, आणि सगळे खुर्च्या ओढून भोवती बसलेले. कापड काढलं तर खाली ब्रेकचा तुटलेला पट्टा! त्या आठवड्यात जे काही मोडलं, ते असं मधोमध ठेवायचं. ज्याचा हात त्याला शेवटचा लागला त्याला पहिला चहा, आणि पहिलं बोलणंही त्याचंच. त्याचा कप संपेपर्यंत बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. मुकुंदराव सर एवढंच म्हणायचे, "कैसा हुआ बोलो. कौन किया नक्को बोलो." त्या दिवशी यादगिरी नावाचा मेकॅनिक बोलला. "मैंच टैट करा साब, ज्यादा हो गया," असं त्यानं सांगितलं, आणि कुणीही हसलं नाही, रागावलंही नाही. पुढच्या आठवड्यात पट्टा किती ताणायचा याचं माप प्रत्येकाच्या पेटीत होतं. मला तो प्रकार आधी पोरकट वाटला होता, हे कबूल करायला हरकत नाही.

मग फेररचनेची वर्षं आली. दोन विभाग एक झाले, एका खात्याची तीन पथकं झाली, दारांवरच्या पाट्या बदलल्या. नव्या साहेबांना आमची मय्यत फार आवडली, आणि घात तिथेच झाला. त्यांनी तिला इंग्रजी नाव दिलं, पडद्यावर मांडली, प्रत्येक बिघाडापुढे एकेक नाव लिहायला लावलं. ते नाव वर्षअखेरीच्या शेऱ्यात जाऊ लागलं. यात कुणाचा दुष्टावा नव्हता हो, त्यांना चोख हिशेब हवा होता इतकंच. पण हळूहळू टेबलावर येणाऱ्या वस्तू कमी झाल्या, आणि मग येईनाशाच झाल्या. साहेबांनी केक मागवला, बिघाडच नाहीत म्हणून! सरांनी आपला तुकडा माझ्या बशीत सरकवला. "लिफ्ट त्याच आहेत, माणसं तीच आहेत," ते हळूच म्हणाले. "मग मोडायचं थांबलं कसं, बाई?" मला त्या दिवसापासून ऑफिसात बसायला भीती वाटू लागली.

सर भंगारात जाऊन बसू लागले. लोक हसायचे, म्हातारा तांबं गोळा करतोय म्हणायचे. तिथे त्यांना ब्रेकच्या स्प्रिंगा सापडल्या, तिन्ही पथकांच्या ढिगात, एकाच जागी तडकलेल्या. प्रत्येक पथकानं आपापली गुपचूप बदलली होती. प्रत्येकाला वाटलं होतं, आपल्यापुरतंच आहे. सर त्या स्प्रिंगा रुमालात घेऊन वर साहेबांकडे गेले आणि तशाच घेऊन खाली आले, कारण नोंदीत तक्रारच नव्हती... त्यानंतर थोड्याच दिवसांत एका इमारतीत लिफ्ट घसरली आणि एका बाईंचा पाय मोडला. तिथे शेवटचं नाव यादगिरीचं होतं, त्याला घरी बसवलं. सरांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. जाताना म्हणाले, "आता कुणी तोंड उघडणार नाही. सांभाळून राहा."

त्यानंतरही त्यांचा फोन यायचा. "काय मोडलं या आठवड्यात?" मी म्हणायचे, काहीच नाही सर. मग ते गप्प व्हायचे. अलीकडे ते गप्प राहणं लांबत चाललं होतं, मधे धाप ऐकू यायची. वय झालं, असं मी धरून चालले.

परवाच्या रविवारी त्यांच्या घरी गेले. काकू, केतकी आणि मी बैठकीत बसलो होतो. बोलता बोलता काकू म्हणाल्या, हल्ली ते रात्री उशी उंच करून झोपायचे. केतकी दचकली. तिला फोनवर ते अर्ध्या वाक्यात थांबलेले जाणवायचे, पण आईला कशाला घाबरवायचं म्हणून ती बोलली नव्हती. मी धापेचं सांगितलं. काकूंनी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे प्रत्येकीला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "आणि ते स्वतः... जन्मभर लोकांना बोलतं केलं मेल्यानं!" आणि मग त्या इतक्या रडल्या की आम्हाला त्यांना आवरता येईना. मला सरांचा राग आला, खरंच आला, आणि तो अजून गेलेला नाही.

निघताना लिफ्टनं उतरले. सर कधी तिच्यात पाऊल ठेवत नसत, लिफ्टवाला माणूस पोट सुटू नये म्हणून चार मजले जिन्यानं चढायचा. लिफ्ट आमच्याच कंपनीची. खाली थांबताना ब्रेक बारीक खरखरला आणि लिफ्ट बोटभर खाली बसली. मी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "महिना हुआ मॅडम, आवाज आरा. तुमारे कंपनी का आदमी देखके गया. कुछ नहीं है बोला, किसी को नक्को बोलो बोला."

आत कुणी नाही हे पाहून मी त्याला मेन स्विच पाडायला लावला आणि जिन्याच्या पायरीवर बसून साहेबांना फोन केला. सगळं ऐकून ते म्हणाले, "ठीक आहे, पण हे टाकायचं कुणाच्या नावावर?"

"माझ्या," मी म्हटलं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी दार आपटून ओरडलं, "लिफ्ट कौन बंद करा रे?" मी उभी राहिले आणि जिन्यातून वर तोंड करून मोठ्यानं माझं नाव सांगितलं.