मरीया गळ्यात पडली तेव्हा

चंदाबाई गेली नऊ वर्षं आमच्या लोहारा गावातल्या घरी भाजी घेऊन येते. तिचा तांडा बाभुळगावच्या बाजूला. वांगी मी निवडते असं मला वाटतं. खरं तर कोणती द्यायची ते ती घरूनच ठरवून आलेली असते.

ती येशूला मानते, त्याला पंधरा वर्षं झाली. नवरा देवसिंग पोहरादेवीला जातो, ही रविवारी बाभुळगावला प्रार्थनेला जाते, आणि भांडण होतं ते फक्त बैलांना पाणी कोणी पाजायचं यावर. पण एक गोष्ट तिच्या मनाला लागून राहिलेली. तिची जेठाणी, म्हणजे मोठी जाऊ, रामीबाई. सत्तरी उलटलेली, घरात बोलायचं ते गोरबोलीतच, म्हणजे बंजारा भाषेत, मराठी बाजारापुरती. चंदाबाईनं तिला शुभवर्तमान, म्हणजे बायबलातली येशूची कथा, मराठीतून किती वेळा वाचून दाखवलं. म्हातारी मान हलवायची, सुपारी कातरायची, पण पंधरा वर्षांत एक प्रश्न तिनं विचारला नाही.

"आपलं वाटलं असतं त इचारलं असतं, ताई," चंदाबाई म्हणायची. "तिले वाटते, हे पुस्तकवाल्यायचं आहे. येशू तांड्यावर येतच नाही."

गेल्या हिवाळ्यात तिच्या प्रार्थनेच्या मंडळीनं ठरवलं, लूकचं शुभवर्तमान गोरबोलीत ध्वनिमुद्रित करायचं. भाषांतर आणि ध्वनिमुद्रण उमरखेडकडच्या एका तांड्यातल्या बादलसरांचं. ते शाळेत शिकवतात, आणि घरीही शिकवतच असावेत. आवाज चंदाबाईचा, कारण लग्नात तिच्याइतकी खणखणीत गाणारी दुसरी कोणी नाही. प्रार्थनेची जागा मात्र भर रस्त्यावर. म्हणून तिनं माझी मागची खोली मागितली. दुपारी आमचे यज्ञेश्वरराव कचेरीत असतात, आणि ते घरी असले तरी आवाज फारसा नसतोच. मी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, कुकर लावलाच नाही. तीन दिवस आम्ही पोह्यांवर काढले.

दोन दुपारी सुरळीत गेल्या. तिसऱ्या दिवशी तो प्रसंग आला. येशूची आई होणार असा देवदूताचा निरोप मिळालेली मरीया डोंगर ओलांडून तिच्या नात्यातल्या अलीशिबेकडे जाते. एक कोवळी पोर, दुसरी म्हातारी, आणि दोघींना दिवस गेलेले. मरीया घरात शिरली इथपर्यंत चंदाबाईनं वाचलं, कागद खाली ठेवला आणि उंच सुरात रडायला लागली. नुसतं रडणं नव्हे, गाऊन रडणं. गोरमाटी, म्हणजे बंजारा, बायका नात्यातल्या बाईला फार दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून अशाच गातात. कशी आलीस, वाटेत कोण भेटलं, मागे कोण राहिलं, सगळं त्या रडण्यात येतं. गळ्यात पडायला अलीशिबा नव्हती, तेव्हा ती माझ्याच गळ्यात पडली.

शेजारच्या इंदुताई कणकेचे हात तसेच घेऊन धावत आल्या. "कोण गेलं हो?"

कोणी गेलं नाही, कोणी आलंय, असं सांगून मी त्यांना कशीबशी परत पाठवलं.

बादलसरांनी कानावरचा हेडफोन काढला. "काकी, हे लिहिलेलं नाही. नमस्कार केला, एवढंच आहे." मग त्यांनी शांतपणे समजावलं, की जे जगातल्या सगळ्या लोकांसाठी आहे ते सगळ्यांना सारखंच पोचलं पाहिजे. प्रत्येकानं आपल्या घरचं घालायला घेतलं तर उद्या कोणी त्यात लेझीम घालेल.

"सगळ्यायसाठी आहे म्हणतोस नं बाबू," चंदाबाई म्हणाली. "मंग आमच्यासाठी नाही का?"

तरी तिनं ते वाक्य पुन्हा वाचलं. सरळ, सपाट. सरांनी तेच ठेवलं. जाताना तिनं चहासुद्धा घेतला नाही. मला ते बरं वाटेना, म्हणून रविवारी सर रामीबाईला ऐकवायला निघाले तेव्हा मीही तांड्यावर गेले.

अंगणात मधोमध सरांनी फोन ठेवला. देवदूत आला, रामीबाई सुपारी कातरत राहिली. मरीया डोंगर चढली, सुपारी चालूच. चंदाबाई अडकित्त्याकडेच बघत होती. मरीया घरात शिरली, नमस्कार केला, आणि अडकित्ता थांबला. रामीबाई गोरबोलीत काहीतरी म्हणाली. चंदाबाईनं माझा हात घट्ट धरला.

"इचारून राह्यली, या दोघीयचं भांडण होतं काय?"

सर गडबडले. नाही नाही, फार जीव होता, असं त्यांनी सांगितलं. रामीबाईला ते पटेना. एवढे डोंगर चढून पोटुशी पोर आली आणि दोघी रडल्या नाहीत, म्हणजे मन साफ नसणारच, असं तिचं म्हणणं.

सरांनी पिशवीतून पुस्तक काढलं, बोट ठेवून वाचलं, मग पुन्हा वाचलं. "अलीशिबा मोठ्यानं ओरडून बोलली, असं आहे पुढं," ते हळूच म्हणाले. "मोठ्यानं. मीच ते हळू करून ठेवलं, काकी."

आधीचं, रडण्याचं ध्वनिमुद्रण त्यांनी पुसलेलं नव्हतं. ते लावलं. फोनमधून चंदाबाईचा गळा फुटला, आणि दुसऱ्या ओळीला रामीबाईनं सूर धरला. पदरानं डोळे पुसत ती गात होती, जणू अलीशिबा तीच. संपल्यावर तिनं अगदी व्यवहारी चेहऱ्यानं विचारलं, त्या म्हातारीला काय झालं, पोरगा की पोरगी?

पुढचा भाग तर अजून ध्वनिमुद्रित केलेलाच नव्हता. सर म्हणाले, उद्या ताईंच्या खोलीत करू. चंदाबाईनं कागद उलगडले. "पंधरा सालानं इचारलं तिनं. उद्या कायले?"

आणि तिथेच, अंगणात बसून, रामीबाईकडे बघत तिनं वाचायला घेतलं. त्या भागात मधूनमधून कोंबड्या ऐकू येतात. बादलसरांनी त्या काढल्या नाहीत.