मशिनचं कुंकू
खंडेनवमीला वागळे इस्टेटमधल्या शेडचं कपाट आवरताना कुंकवाची पितळी डबी हाताला लागली, आणि झाकण उघडताच तेलकट, जुनाट वास आला. आमचं कुठलंही मशिन नव्या साइटवर निघालं की बाबा त्याला तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट लावायचे, मग साइट दिव्याची असो नाहीतर कल्याणची. पुढे आम्हाला केनियात पुलाचं काम मिळालं, परदेशातलं पहिलंच, आणि पुलाच्या पायासाठी जमिनीत खोल भोकं पाडणारं पायलिंगचं मशिन जहाजाने पाठवायचं ठरलं. जाण्याआधी पोरांनी पाण्याचा फवारा मारून त्याच्यावरची माती धुतली, कुंकवाचे वर्षानुवर्षांचे थर खरवडून काढले. इतकं स्वच्छ झाल्यावर ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायला लागलं. ट्रेलर दारात लागला तसे बाबा सवयीने बोट बुडवून पुढे झाले, तर मशिन पाठवणारा एजंट म्हणाला, "काका, आता डाग नको. तिकडच्या बंदरात पुन्हा धुवायला लावतील." बाबा ओलं बोट तसंच धरून उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पण चाललायस ना तिकडे," आणि ते कुंकू माझ्या कपाळाला लावलं. तिकडे एका पुलामागून दुसरा मिळत गेला, ते मशिन तिथेच विकलं गेलं, आणि बाबा गेले तेव्हाही मी तिकडेच होतो. आता आमची सगळी कामं परदेशात आणि मशिनं तिथलीच, भाड्याची. त्या खंडेनवमीला डबीत थोडं तेल घालून मी बोट बुडवलं, आणि रिकाम्या शेडमध्ये कितीतरी वेळ ते तसंच धरून उभा राहिलो.