उलटे आटे

भूतखेत, करणी, अंगात येणं... असलं काही माझ्यासमोर कुणी काढलं तर मी उठून जातो. कुपवाडला माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. एका जुन्या लेथवर सुरू केलं, कुणाचा हात पाठीवर नव्हता. जे मोजता येतं तेवढंच खरं, असं मानत आलो. त्यामुळे खालचं सगळं मला स्वतःलाच पटत नाही — पण घडलं ते घडलं!

माझी मुलगी स्नेहल मिरजेत एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या वर्षी ती आणि तिच्या चार मैत्रिणी महिनाभरासाठी टांझानियातल्या एका खेड्यातल्या दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून गेल्या. मी कडाडून भांडलो होतो.

"आपल्या जतला डॉक्टर मिळंना आणि तू आफ्रिकेला चाललीस व्हय?"

"जतलाही जाईन, पप्पा. पण तिथं तुम्ही दर रविवारी हजर होणार, आणि पेशंटशीच भाव करत बसणार!"

गेली.

मंगळवार होता. आपल्याकडे दुपारचे अडीच, तिकडचे बारा. मी लोखंडाच्या व्यापाऱ्याशी तंडत होतो. तेवढ्यात तिचा व्हॉट्सअॅप कॉल...

"पप्पा, सात महिन्यांचं बाळ आहे, न्यूमोनिया झालाय. ऑक्सिजनचं मशीन तापून बंद पडतंय. आतला पंखा अडकलाय. सिलिंडर तासभर पुरेल, आणि अँब्युलन्स यायला तीन तास लागणार. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेत. बाळाजवळ सिस्टर आहे, मशीन मी उघडतेय."

व्यापारी गेला खड्ड्यात! मी ओरडून सांगायला लागलो. प्लग काढ. मागचं कव्हर खोल. पंख्याच्या मधला नट सोडव.

"सुटत नाही!"

"जोर लाव!"

"लावतेय! उलट घट्टच होतोय, पप्पा!"

"अजून लाव!"

आणि फोन कट.

सात वेळा लावला, लागेना. मशिनी बंद करून सगळे कामगार माझ्याभोवती उभे. अकरा मिनिटांनी तिचाच फोन आला. रडत होती की हसत होती, कळेना. नट सुटला होता, पंख्यात गुंतलेली बँडेजची पट्टी निघाली होती, मशीन चालू झालं होतं, बाळाचा ऑक्सिजन चढत होता! मी वर्कशॉपमध्ये अक्षरशः उड्या मारल्या.

मग ती म्हणाली, "पप्पा, तुमच्याजवळ ते आजोबा कोण होते?"

"कुठले आजोबा?"

"अहो, मध्येच बोलले ते. 'बापावानी रेड्यागत जोर नगं लावूस, बाय. उलटं आटं हायत. घड्याळाच्या वाटंनं फिरीव.' तसा फिरवला, आणि अर्ध्या फेऱ्यात सुटला."

"स्नेहल, फोन तर कट झाला होता."

"नव्हता झाला!"

मी मोबाईल बघितला. दोन एक्केचाळीसला कॉल संपलेला. पुढचा थेट दोन बावन्नचा.

आणि 'रेड्यागत जोर' हे शब्द तर एकाच माणसाचे. रामभाऊ मिस्त्री. एकोणिसाव्या वर्षी मी शिरवळच्या एका कारखान्यात त्यांच्या हाताखाली होतो. उलट्या आट्याचा, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेनं सुटणारा नट मी सरळ समजून तोडला, आणि त्यांनी चारचौघांत हेच शब्द ऐकवून मला हाकललं. आधी सांगितलं असतं तर तुटला असता का? तो राग अजून गेलेला नाही. घरात त्यांचं नाव मी कधी उच्चारलं नाही. असा कुणी माणूस आहे हेच स्नेहलला माहीत नव्हतं.

रविवारी गाडी काढली आणि थेट शिरवळ. दार त्यांच्या सुनेनं उघडलं.

"आवं, मामंजी दोन वर्सं झाली बोलत न्हाईत. लकवा झालाय."

"मंगळवारी दुपारी त्यांना काही झालं होतं का?"

"तुमाला कुनी सांगितलं? जेवता जेवता एकदम तापलं की! तोंड लालबुंद, आन् डावा हात हवेत आसा गरागरा फिरवत हुतं. आमी डाक्टरला आनाय निघालो, तवर आपसूक निवलं. मग दोन भाकरी खाल्ल्या!"

मी खाटेजवळ बसलो. "मिस्त्री, ते तुम्ही होता का?"

ते अर्ध्या तोंडानं हसले. बस्स, एवढंच.

बाळ पाचव्या दिवशी आईच्या पाठीवर बसून घरी गेलं. त्याचा फोटो माझ्या मोबाईलवर आहे. कुणी म्हणतं लाईन क्रॉस झाली असेल, कुणी म्हणतं स्नेहलचंच डोकं ऐनवेळी चाललं. मग ते शब्द तिच्याकडे कुठून आले? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि मी शोधायचं कमी केलेलं नाही.

पण त्या दिवशी खाटेवरून उठताना राहवलं नाही. चढ्या आवाजात विचारलंच, "सातासमुद्रापार माझ्या पोरीला नट तुटायच्या आधी सांगितलंत. मी तर हातभर अंतरावर उभा होतो. मला का नाही सांगितलं?"

त्यांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. सोंगच होतं ते — पापण्या हलत होत्या.