रेड्याची परीक्षा, लेकींच्या दुधावर

रेडेवाले काका हे नाव त्यांना कुणी ठेवलं कोण जाणे, पण म्हशींच्या पैदास केंद्रात त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. रेडे धुणं, चारणं, फिरवणं यात त्यांची हयात गेली. बायको म्हणायची, रेड्याला घासता तेवढ्या प्रेमाने कधी घरचा एक तांब्या घासाल तर शपथ! काका ते हसण्यावारी न्यायचे.

त्यांचा खरा जीव एकाच रेड्यावर. त्याला सगळे भोपळ्या म्हणत. भला थोरला, काळाकुळकुळीत, आणि स्वभावाने इतका गरीब की पाठीवर कावळा बसला तरी शेपटी हलवायचा त्याला कंटाळा.

आता रेडा काही दूध देत नाही. मग त्याची पारख करायची कशी? तर लेकींवरून. त्याचं रेत गावोगाव जायचं, म्हशी गाभण राहायच्या, पारड्या जन्मायच्या. त्या मोठ्या होऊन व्यायल्या, की केंद्राचा माणूस जाऊन दूध मोजायचा. यात वर्षंच्या वर्षं जातात. लेकी सरस निघाल्या तर बाप केंद्रावर राहणार, नाहीतर विक्री. आणि म्हाताऱ्या रेड्याला गिऱ्हाईक एकच, खाटीक.

खाण तशी माती म्हणतात खरं, पण तेवढ्यावर विसंबून राहायची काकांची छाती होईना. भोपळ्याच्या बऱ्याच लेकी शेजारच्या गावात एका मावशींच्या गोठ्यात होत्या. काका पदरमोड करून सायकलवरून तिथे पेंडीची पोती पोचवू लागले. एवढी आमच्या भोपळ्याच्या लेकींना घाला, म्हणून सांगून यायचे. लबाडीच होती, त्यांनाही कळत होतं. पण पोटच्या पोरासाठी माणूस काय करत नाही!

अखेर केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. मावशींच्या गोठ्यात दूध झकास वाढलंय म्हणाल्या, तसा काकांच्या जिवात जीव आला. पण तुलना असते ती त्याच गोठ्यातल्या दुसऱ्या रेड्यांच्या लेकींशी, आणि दूध त्यांचंही तेवढंच वाढलं होतं.

"आईबापांकडून थोडंच येतं, काका. बाकी सगळं खाणंपिणं आणि निगा," बाई हळूच म्हणाल्या. "भोपळ्याच्या लेकी चारचौघींसारख्याच आहेत."

काकांनी तडक मावशींचा गोठा गाठला. पेंड कुणाला घातलीत, एवढंच विचारलं. मावशी शेण भरत होत्या. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नाही.

"सगळ्यांना! एकीने खायचं आणि शेजारणीने नुसतं तोंडाकडे बघत बसायचं? माझ्याच्यानं नाही होत बाई."

मावशींच्या जागी काका असते तर त्यांनीही तेच केलं असतं. मावशींनी दिलेला चहा पिऊन ते परत फिरले.

ट्रक आला त्या दिवशी बाईंनी त्यांना घरीच थांबायला सांगितलं होतं. पण जन्मभर गरीब गाईसारखा वागलेला भोपळ्या नेमका तेव्हाच अडून बसला. चौघांनी ओढलं, ढकललं, पण गडी ढिम्म. शेवटी काकांना बोलावणं धाडावं लागलं.

काका आले. दोर हातात घेतला आणि आपणच आधी फळीवर चढले. भोपळ्या मुकाट त्यांच्या मागोमाग चढला. काकांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, मग बाजूने खाली उतरले. तेव्हा तोही त्यांच्यामागे यायला वळला, पण तोवर ट्रकचं फाटक लागलं होतं.