महासंगणकाला पाण्याची पाळी
विद्यापीठाच्या संगणन केंद्रात बड्या पदव्यांची दहा माणसं होती आणि त्या दहांना अक्कल शिकवली ती दहावी नापास कडूबानं. त्या दहांत मीही होतो, तेव्हा ऐकीव गोष्ट सांगत नाही.

कडूबा बिडकीनचा. निम्मी जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेली, उरलेली भावांच्या सामाईक विहिरीवर. केंद्रात त्याला एकच काम होतं, महासंगणक थंड ठेवायचा. आमचा महासंगणक म्हणजे एका दालनात उभी असलेली सोळा लोखंडी कपाटं. रसायनवाल्यांचे रेणू, हवामानवाल्यांचे ढग, बीएस्सीच्या मुलांचे धडे, सगळं त्यांच्याच पोटात. कपाटं तापायची, गच्चीवरच्या मनोऱ्यातून फिरणारं पाणी ती उष्णता बाहेर काढायचं, आणि त्यातलं बरंचसं पाणी वाफ होऊन उडून जायचं.

२०१६चा उन्हाळा आला. जायकवाडीनं तळ दाखवला होता. तिकडं शहराच्या टोकाला, मुकुंदवाडीच्या पुढं रोज नवी इमारत उभी राहत होती आणि प्रत्येकीच्या दारात टँकर. एप्रिलच्या मध्यावर विद्यापीठानं कळवलं, केंद्राचं पाणी निम्मं. त्यात भागत नसेल तर सोमवारपासून पावसाळ्यापर्यंत कुलूप.

सगळ्यांत मोठा घाव बसणार होता मंजुषाला. लासूर स्टेशनची ही पोरगी आमच्याकडं संशोधन करत होती. गंगापूर तालुक्यातल्या चाळीस गावांखालचं पाणी कुठून कुठं सरकतं, याचं गणित तिनं मांडलं होतं. ते चाळीस दिवस चालणार होतं. उत्तर मेअखेर आलं, तरच पाणी जिरवायचे खड्डे कुठं खणायचे हे गावांना पावसाआधी कळणार होतं. उशीर झाला की आणखी एक पावसाळा वाहून गेला.

शुक्रवारी बैठक भरली. दोन तास प्रत्येक जण आपलंच कपाट किती महत्त्वाचं ते सांगत होता. कारण कपाटांची आम्ही वाटणी केली होती, अमुक चार रसायनाची, तमुक तीन हवामानाची. काम असो वा नसो, कपाट चालू ठेवायचं. बंद दिसलं तर दुसरा विभाग घुसेल ही धास्ती. शिकलेली माणसं, पण बांधावरून भांडणाऱ्यांना लाजवतील अशी.

कडूबा दारात उभा होता. तो सरळ आत आला आणि मला म्हणाला, "सर, जरा चला. हात लावून बघा."

आम्ही सगळेच त्याच्यामागं दालनात गेलो. त्यानं एका कपाटाच्या पाठीवर माझा हात टेकवला. कपाट चांगलंच गरम होतं.

"ह्याच्यात आज काय काम चालू हाय?"

मी पडद्यावर पाहिलं. काहीच नव्हतं. सोळांपैकी नऊ कपाटं रिकामीच तापत होती. हा हिशेब पाहायचा पगार मी घेत होतो! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"आमच्या भावकीनंबी विहीर अशीच वाटली व्हती," कडूबा म्हणाला. "चौघांच्या चार मोटारी. ज्याला गरज नाय तोबी पाणी उपसायचा. समद्यांचं पीक वाळलं. मग पाळी लावली. ज्याचं पीक सुकतंय त्याची पाळी आधी. बाकीच्यांच्या मोटारी बंद."

"म्हणजे माझी कपाटं बंद?" रसायनाच्या अंबिका मॅडम कडाडल्या.

"व्हय मॅडम. पाळी आली की माझ्या हातानं चालू करून देतो."

मॅडमनी स्वतः त्या गरम कपाटावर हात टेकवून पाहिला. मग म्हणाल्या, "मंजुषाची पाळी पहिली लावा. माझे रेणू कुठं पळून जात नाहीत."

त्याच संध्याकाळी नऊ कपाटं बंद झाली. उरलेल्या सातांपैकी सहांवर मंजुषाचं गणित, एकावर बीएस्सीच्या मुलांचे धडे. कडूबानं दाराशी पाटी टांगली, त्यावर खडूनं पाळ्या लिहिल्या. रोज सकाळी काठी घेऊन गच्चीवर चढायचा, टाकीतलं पाणी मोजायचा आणि पाटीच्या कोपऱ्यात आकडा टाकायचा. प्राध्यापक मंडळी आल्या आल्या आधी तो आकडा बघायची. निम्म्या पाण्यात केंद्र एक दिवसही बंद पडलं नाही.

एकोणतीस मेला गणित पूर्ण झालं. कडूबानं मंजुषाचं नाव तळहातानं पुसलं आणि खाली मोठ्या अक्षरात अंबिका मॅडमचं लिहिलं. टाकीत वीतभर पाणी शिल्लक होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या, मंजुषा ढसाढसा रडली. माझेही डोळे भरून आले होते, लपवत नाही.

चाळीसपैकी एकतीस गावांनी पावसाआधी खड्डे खणले. दिवाळीनंतर मंजुषा गावाकडून कळशी घेऊन आली. दोन वर्षं कोरड्या पडलेल्या त्यांच्या विहिरीचं पाणी होतं त्यात. तिनं पहिला पेला कडूबापुढं धरला.

कडूबानं पेला घेतला, पण ओठाला लावला नाही. पेला परत कळशीत रिकामा केला, कळशी खांद्यावर घेतली आणि गच्चीचा जिना चढला. आम्ही मागोमाग गेलो. त्यानं महासंगणकाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि त्यात पाणी ओतलं. कळशीत घोटभर उरल्यावर थांबला.

"आधी पाळी ह्याची," तो म्हणाला आणि उरलेला घोट पिऊन टाकला.