कुंचल्याचं पाणी

पेणजवळच्या जोह्यातल्या आमच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आई आखते. रेघ बारीक यावी म्हणून कुंचला ओठांत धरून त्याचं टोक काढते. इथल्या बायका असंच करतात, त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. यंदा मात्र तिचा हात थरथरायला लागला आणि मला रंगातल्या शिशाची शंका आली; शिशाच्या विषाने हात असेच थरथरतात. रोह्याच्या कॉलेजात मी नेमकं शिशावरच काम करते. आमच्या प्रयोगशाळेत बनवलेलं एक रसायन जिवंत पेशीत शिरतं आणि तिथे शिसं भेटलं की नारिंगी चमकतं. रंगात शिसं असेल, तर ते इतकी वर्षं आईच्या पोटात जात होतं.

तिच्या वाटीतलं कुंचले धुतलेलं पाणी बाटलीत भरून कॉलेजात नेलं. यीस्टच्या पेशींवर ते घातलं, वर आमचं रसायन घातलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी लख्ख नारिंगी. म्हणजे शिसं आहेच. त्याच संध्याकाळी घरी येऊन आईच्या हातातला कुंचला काढून घेतला आणि तिला पेणला रक्त तपासायला नेलं.

"मंग डोले कोन आखनार गो? तुजी मशीन?" एवढं बोलून आईने अबोला धरला. गणपती डोळ्यांविना फळ्यांवर बसून राहिले.

कॉलेजात माझ्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रसायन न घालता पाहिलंस का?"

नव्हतं पाहिलं. पाहिलं, तर त्याही पेशी तशाच नारिंगी. गणपतीच्या शेल्याला आम्ही झगझगीत फ्लोरोसंट गुलाबी लावतो, तो स्वतःच चमकत होता. ज्या रंगात लहानाची मोठी झाले, तोच मी विसरले होते.

पण म्हणून शिसं नाही असं थोडंच ठरतं? ते ठरलं रक्ताच्या रिपोर्टवर. शिशाची काळजी नाही, थायरॉईड वाढलाय, गोळ्यांनी हाताची थरथर थांबेल, असं डॉक्टर म्हणाले. आईच्या आजाराचं नाव ऐकून इतकी खूश झालेली मुलगी त्यांनी पाहिली नसेल.

कुंचला परत दिला, पण टोक ओल्या फडक्यावरच काढायचं या अटीवर. आईने तोंड वाकडं केलं, तरी ऐकलं. डाव्या हाताने उजवं मनगट धरून तिने डोळा आखला. हात हलला, रेघ हलली नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जेवलीस काय गो?"