तोंड मागतं म्हणे

पिशवी टेबलावर उपडी झाली आणि दोन ट्यूबा गडगडत खाली गेल्या. तिसरी मी हाताने अडवली.

“सर, हे सगळं लावते मी,” रूपाली म्हणाली.

मी मोजले. अकरा नग.

महाडला चवदार तळ्याच्या मागच्या बाजूला माझा त्वचारोगाचा दवाखाना आहे. सव्वीस वर्षं झाली. चेहऱ्याची तक्रार घेऊन कुणी रिकाम्या हाताने आलं, की मी त्याला आधी घरी परत पाठवतो. तोंडाला जे जे लागतं ते सगळं पिशवीत भरून आणा, म्हणतो. साबणसुद्धा. पोलादपूरहून एसटीने आलेला माणूस यावर चिडतो, आणि चिडणारच. पण नुसतं विचारलं तर “काय नाय लावत, डाक्टर” एवढंच उत्तर मिळतं. त्या उत्तरावर औषध लिहिलं, की पुढे माझीच फजिती होते.

रूपाली कापडे गावची. वय बावीस. पोलीस भरतीची तयारी करत होती. आठशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि गोळाफेक, या तिन्हीला मिळून भरतीची मुलं ग्राउंड म्हणतात. ग्राउंडला तीन महिने राहिले होते आणि तिचे दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल झाले होते. कडेला बारीक पुळ्या होत्या.

“आग होते, सर. ऊन लागलं की होते, घाम आला की होते. चुलीपुढे बसवत नाय. पाच दिवस झाले, पळायला गेलेच नाय मी.” तिने गाल ओढणीने टिपला. “गेल्या वेळी दोन मार्कांनी राहिले. आता आई म्हणते, सोडून दे भरती. पळून पळून तोंडाची वाट लागली म्हणते.”

पाच दिवस न पळणं म्हणजे काय, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. पुरळ राहिलं बाजूला, तिला त्या दोन मार्कांनी खाल्लं होतं.

“एवढं रुटीन कुठून शिकलीस? मोबाईलवर बघून?”

“नाय सर. हे सगळं आलेलं हाय.”

मग कळलं. शिमग्याला आणि गणपतीला मुंबईची माणसं गावी येतात. आली, की पोरगी बघतात. रस्त्यावर पळून रंग रापलेला. मग हळहळतात, आणि पुढच्या खेपेला काहीतरी घेऊन येतात. प्रत्येक डबीवर चिकटपट्टी लावून रूपालीने बॉलपेनने नाव लिहिलं होतं. मोठी मामी. विरारची काकी. दादा. नंदाआत्या. कंपनीचं नाव वाचायच्या आधी नातं वाचावं लागत होतं.

“पण सगळंच का लावतेस?”

“फोन आला की विचारतात, लावतेस ना? नाय कसं म्हणू? एवढ्या मायेने आणतात. आणि खोटं बोलवत नाय मला.”

म्हणून सकाळी सहा आणि रात्री चार. भावी पोलिसाला खोटं बोलवत नाही, हे ऐकून मला बरं वाटलं. तिच्या कातडीला मात्र ते महागात पडलं होतं.

मी एकेक नग बाजूला काढू लागलो. दोन फेसवॉश. अक्रोडाच्या भुग्याचा स्क्रब, जो मी पायाच्या टाचेलासुद्धा जपून लावायला सांगेन. गुलाबाच्या वासाचा टोनर, म्हणजे बहुतेक वासाचं पाणी. दोन सिरम, दोन्हींत ॲसिड. कातडीचा वरचा थर हे आपलं छप्पर असतं. रोज दोन बाजूंनी कौलं काढत बसलं, तर पाणी आत येणारच. मग गोरं करणारी एक क्रीम, रात्रीची एक क्रीम, तोंडावर चिकटवायच्या मास्कचं पाकीट. हे झाले नऊ.

दहावी होती सनस्क्रीन. चांगली होती. तारीखही शिल्लक होती. पण तिचं सील तसंच होतं.

“ही का नाही उघडली?”

“ती भारीतली हाय, सर. दादाने दिली. कुठं कार्याला जायचं झालं की काढेन म्हणून जपून ठेवलीय.”

म्हणजे उन्हात पळणारी ही मुलगी दहा नग खर्ची घालत होती आणि कामाची एकच वस्तू तेवढी कपाटात होती. मी हसलो. ती पण हसली, आणि गाल ताणले गेल्यावर कळवळली.

अकरावी डबी पांढरी, प्लास्टिकची. कंपनी नाही, तारीख नाही, काही नाही. चिकटपट्टीवर फक्त ‘मावशी’. हिची मावशी मुंबईला एका पार्लरमध्ये कामाला होती. ही क्रीम तिथे मोठ्या डब्यातून काढून लहान डबीत भरून मिळायची. रूपाली सात महिने लावत होती. पहिल्या महिन्यात चेहरा असा उजळला, की गावात सगळ्यांनी विचारलं.

अशी डबी दिसली, की मला पुढचं सांगावं लागत नाही. यात स्टेरॉईड असतं. स्टेरॉईड हे औषध वाईट नव्हे, मी स्वतः रोज लिहितो. पण ठरलेल्या जागी, ठरलेले दिवस. चेहऱ्यावर महिनोन् महिने चोळलं, तर कातडी पातळ होते, पुळ्या येतात, ऊन सोसत नाही. आणि एकदम थांबवलं, की आग दुपटीने उसळते. तपासून माझी खात्री झाली होती.

त्या दिवशी बाहेर गर्दी होती. मी भराभर सांगितलं. सकाळ-संध्याकाळ साधा सौम्य फेसवॉश. त्यावर बिनवासाचं मॉइश्चरायझर, म्हणजे ओलावा धरून ठेवणारी साधी क्रीम. सकाळी पळायला निघायच्या आधी दादाची सनस्क्रीन. बस, तीनच. आग कमी व्हायला रात्री लावायचं एक मलम दिलं, तेवढं तात्पुरतं.

“पंधरा-वीस दिवस आणखी वाढेल. सालं निघतील. घाबरायचं नाही आणि पांढरी डबी उघडायची नाही. बाकी सगळं फेकून दे.”

फेकून दे म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. तो मला दिसला. मी पुढचा पेशंट आत बोलावला. माझी चूक तिथे झाली.

तीन आठवड्यांनी ती यायची होती, आली नाही. शिमगा झाला. आणखी चार दिवसांनी आली ती मावशीला घेऊन. खरं म्हणजे मावशीच तिला घेऊन आली. पंचेचाळिशीची, ठसठशीत बाई. चेहऱ्यावर पावडर, डोक्यात गजरा, आणि राग सगळा माझ्यावर.

“काय केलंत हो पोरीचं? बघा तोंड! माझ्या क्रीमने बरी झाली होती ती. तुमच्या औषधाने सोलली.”

रूपालीचं तोंड पहिल्यापेक्षा वाईट होतं. पापण्या सुजल्या होत्या.

“डबी उघडलीस?” मी विचारलं.

तिने मान खाली घातली. उत्तर मावशीने दिलं. “मीच लावली. पालखी दारात यायची होती. देवापुढं असलं तोंड घेऊन उभी राहणार ती? मी माझ्या हाताने लावली, आणि दोन दिवसांत चेहरा स्वच्छ! मग हिनेच परत बंद केली. म्हणते, सरांना शब्द दिलाय. बंद केली नि हे असं झालं. आता तुम्हीच सांगा, कुणाचं औषध चांगलं?”

खरं सांगायचं तर बाई बघत होती ते खोटं नव्हतं. तिची क्रीम लावली की चेहरा सुधारत होता, माझं ऐकलं की बिघडत होता. शाळेतल्या मुलानेही तिच्याच बाजूने निकाल दिला असता.

मी चिडून काहीतरी बोलणार, तेवढ्यात खिडकीचा उजेड मावशीच्या गालावर पडला. पावडरखाली लाल बारीक शिरांचं जाळं होतं. कानाजवळ मऊ लव वाढली होती.

“ताई, तुम्ही ही क्रीम किती दिवस लावताय?”

“मी? चार वर्षं झाली.”

“एखाद दिवशी नाही लावली तर?”

“असं नाय चालत. तोंड मागतं ना.”

“म्हणजे?”

“म्हणजे मागतं. संध्याकाळ झाली की खाज सुटते, आग होते. लावली की शांत. आमच्या पार्लरमध्ये सगळ्या तेच म्हणतात. तोंडाला लागू पडली, की तोंडच मागतं.”

सव्वीस वर्षांत या आजाराचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं.

“ताई, दारुड्याचं अंगही संध्याकाळ झाली की दारू मागतं. म्हणून दारू औषध झाली का?”

मी टेबलावरचा आरसा तिच्यापुढे सरकवला आणि ओल्या कापसाने तिच्या एका गालावरची पावडर पुसली. “या शिरा चार वर्षांपूर्वी होत्या?”

तिने आरशात बघत एका शिरेवर बोट दाबून पाहिलं. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “आणि मी ही हिला आणून दिली. माझ्या हाताने लावली गो तुला.”

“मावशी, असू दे,” रूपाली म्हणाली. “तुला काय माहीत होतं?”

मला माहीत होतं, ते मी नीट सांगितलं नव्हतं. शिमग्याला कोण येणार, हे विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. तसं मी त्या दोघींना सांगितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं समजावलं. या वेळी कागद दोन लिहिले, दोघींना तेच तीन नग. मावशीची सवय जुनी, म्हणून तिला सोडवायचं औषध जरा वेगळं.

“आणि बाकीच्यांचं?” रूपालीने विचारलं. “मामीचं, काकीचं?”

“फेकू नकोस. मी चुकीचं सांगितलं. नावासकट कपाटात ओळीने मांडून ठेव. कुणी आलं की दाखव. त्यांचा मान कपाटात ठेवायचा, तोंडावर नाही. फोन आला तर सांग, डॉक्टरांनी बंद केलंय. शिव्या मला पडू देत.”

“मी सांगते सगळ्यांना,” मावशी म्हणाली. “एकेकीला फोन लावते. बघतेच कोण बोलतं ते.”

मला तेव्हाच हायसं वाटलं. माझ्या कागदापेक्षा त्या बाईच्या फोनमध्ये जास्त जोर होता.

मावशी मुंबईला गेली. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. पहिला प्रश्न एकच असायचा, आज मागितलं का? पहिला पंधरवडा वाईट गेला. एका संध्याकाळी मावशीने डबी हातात घेतली होती, पण रूपालीने फोनवरूनच ती संडासात रिकामी करायला लावली, पाणी टाकल्याचा आवाज ऐकल्याशिवाय फोन ठेवला नाही. हे मला नंतर कळलं. तिसऱ्या आठवड्यात रूपालीची सूज उतरली. चौथ्यात ती पळायला लागली.

ग्राउंड झालं त्या दुपारी तिचा फोन आला. ऊन कडक होतं, मी सकाळपासून उगाच आभाळ बघत होतो.

“सर, आठशेला पूर्ण मार्क!”

“आणि तोंड?”

“तोंडाकडे लक्षच नव्हतं, सर.”

मी फोन ठेवला. फार बरं वाटलं. पुढे लेखी झाली, यादीत नाव आलं.

गणपतीत दोघी पेढे घेऊन आल्या. रूपालीचा रंग रापलेलाच होता आणि कातडी स्वच्छ होती. मावशीच्या शिरा सगळ्या गेल्या नाहीत, त्या जाणारही नाहीत कदाचित. पण आग थांबली होती आणि पावडर नव्हती. मावशीने पिशवीतून चकचकीत कागदात गुंडाळलेली एक डबी काढून माझ्यापुढे ठेवली.

“तुमच्यासाठी. तुमचं पण तोंड किती सुकलंय. घाबरू नका, दुकानातून आणलीय, नाव बघा.”

मी चष्मा लावून मागचं सगळं बारीक वाचलं. साधंच मॉइश्चरायझर होतं, वास जरा जास्त. मी आभार मानून ती खणात ठेवायला गेलो.

“खणात काय ठेवता? लावा की जरा. माझ्यासमोर.”

“नंतर लावतो, ताई.”

“लावणार ना नक्की?”

ती एवढ्या मायेने बघत होती. रूपाली तिच्या मागे उभी राहून तोंडावर हात धरून हसत होती. शिमग्याला पालखीच्या दिवशी त्या पोरीचं काय झालं असेल, ते मला तेव्हा पुरतं समजलं.

मी डबी उघडली आणि दोन्ही गालांना लावली.